आधी सावली, मग चित्र : खानदेशात सायकलवरून जलरंग

जलरंग शिकताना एक सूचना सारखी कानावर येते : पहिला थर वाळेपर्यंत थांबा. जळगाव-धुळ्याच्या मार्च महिन्यात, सकाळी अकरा वाजता, या सूचनेचा काही उपयोग नसतो. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून खाली आणेपर्यंत वरचा भाग खडखडीत वाळलेला असतो आणि मधोमध एक कडक रेघ उमटते. नवखा माणूस समजतो की आपला हात चुकला. खरं तर त्याची बसायची जागा चुकलेली असते. खानदेशात बाहेर चित्र काढायचं तर आधी सावली शोधायची आणि त्या सावलीतून जे दिसेल त्यातून विषय निवडायचा. उलट केलं, म्हणजे आधी देखावा आवडला आणि मग उन्हातच बैठक मारली, की कागद, रंग आणि डोकं तिन्ही तापतात.

सायकल त्यासाठीच बरी. मोटरसायकलवरून सावल्या दिसत नाहीत, पायी फिरून दोन-तीन जागा बघून होत नाहीत. सायकलवरून बोळात शिरता येतं, वाटेतल्या कुठल्याही निंबाखाली थांबता येतं, जागा पटली नाही तर पाच मिनिटांत पुढची गाठता येते.

सायकल आणि तिच्यावरचा बोजा

घरात जुनी काळी सायकल पडून असेल तर तीच काढा. तिचं मजबूत कॅरिअर आणि डबल स्टँड या दोन गोष्टी गिअरवाल्या सायकलींना सहसा नसतात. डबल स्टँडवर उभी केलेली सायकल हलत नाही; कॅरिअरवर पिशवी, पिशवीवर बोर्ड ठेवला की उभ्यानं काम करायची सोय झाली. साइड स्टँडवर हा प्रयोग करू नका. ब्रश टेकला की सायकल डुलते आणि भुसभुशीत मातीत स्टँड रुतून सगळं आडवं होतं. साइड स्टँडच असेल तर त्याखाली चपटा दगड घाला आणि बोर्ड मांडीवर घ्या.

सामान पुढच्या बास्केटमध्ये ठेवायचा मोह होतो, कारण ते डोळ्यासमोर राहतं. पण खड्ड्यांचा सगळ्यात जास्त हादरा तिथंच बसतो. रंगाची पेटी उघडते, वड्या सुटतात, ब्रशचे केस वाकतात. सामान कॅरिअरवर ठेवा, त्याखाली गोधडीचा किंवा जुन्या टॉवेलचा घडी केलेला तुकडा घाला. बांधायला सायकलवाल्याकडून टाकाऊ ट्यूब मागून घ्या आणि तिच्या दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. हुकवाले पट्टे हादऱ्यानं निसटतात आणि स्पोकांत अडकतात. ट्यूबची पट्टी गाठ मारून घट्ट बसते. खांद्याला लटकवायची झोळी नको. ब्रेक दाबला की ती पुढे येऊन हँडलवर आपटते.

पाणी सोडून सगळं सामान ३ किलोच्या आत बसलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त भरत असेल तर घडीचं स्टूल काढून टाका. बसायला गोणपाटाचा तुकडा पुरतो आणि ओटे-पार आपल्याकडे भरपूर आहेत.

पंक्चरचं साहित्य मात्र वगळू नका : छोटा पंप, पॅच, सोल्युशन, सँडपेपर, दोन लिव्हर. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेचं गवत वाळतं आणि त्यात सराटे पसरलेले असतात. जागा शोधताना सायकल हातात धरून कडेच्या गवतातून ढकलत नेली की हमखास एक-दोन टायरमध्ये बसतात. तिथं सायकल उचलून न्या. बाभळीखाली उभीच करू नका. पंक्चर काढताना ट्यूबला पॅच लावून लगेच टायर चढवायची घाई नको. टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काट्याचं टोक आतच राहिलेलं असतं आणि तेच पुढच्या किलोमीटरला पुन्हा ट्यूब फोडतं.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल घालू नका. ही माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये थापीसारखी बसते, पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं, आणि काडीनं उकरत बसण्यात सकाळ जाते. जून ते सप्टेंबर डांबरी किंवा मुरमाचाच रस्ता धरा.

रंग, ब्रश, कागद

आठ रंग पुरतात : लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, सेरुलियन आणि थॅलो ब्ल्यू. क्रिमसन घेताना ट्यूबवर ‘परमनंट’ लिहिलेलं बघा. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडत जातो. काळा रंग घेऊ नका. का, ते पुढे मातीच्या रंगात येईल.

ट्यूब सोबत नेण्यापेक्षा त्यातला रंग छोट्या वड्यांच्या खणांत, म्हणजे हाफ पॅनमध्ये भरून न्या. खण एकदम काठोकाठ भरला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला रंग आक्रसतो आणि वडीला भेगा पडून तुकडे सुटे होतात. अर्धा खण भरा, काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग उरलेला भरा. मध घातलेले रंग घरात छान चालतात, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ते पातळ राहतात आणि सायकलच्या हादऱ्यानं एकमेकांत वाहतात. खण पेटीला दुहेरी चिकटपट्टीनं पक्के करा.

ब्रश तीन : पाऊण इंची चपटा, १० नंबरचा गोल, ४ नंबरचा गोल. सिंथेटिक चालतील. हँडलमध्ये पाणी भरायचा ब्रश चालता-चालता टिपण करायला ठीक आहे, पण त्यातून आभाळभर वॉश येत नाही. मुख्य ब्रश म्हणून त्याच्यावर विसंबू नका. ब्रश बांबूच्या काड्यांच्या चटईत गुंडाळा आणि टोकं चटईच्या कडेच्या दोन बोटं आत राहतील असं बघा.

पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. १०० टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या. साधा कागद पाणी वरच्यावर धरतो आणि उन्हाळ्यात लगेच सोडतो. कॉटनचा आत पाणी पिऊन ठेवतो, त्यामुळे तुम्हाला दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. इथं त्या दोन मिनिटांवरच आभाळ जमतं की बिघडतं ते ठरतं. ५६ × ७६ सेंटीमीटरचा मोठा ताव आणा आणि त्याचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा १९ × २८ सेंटीमीटरचा होतो, आणि सुरुवातीला याहून मोठं काम बाहेर करू नका. मोठ्या कागदावर तुमचा ब्रश एका टोकाला असतो तोवर दुसरं टोक वाळतं.

बोर्डसाठी लाकडी फळी नको. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात ५ मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डाचे, म्हणजे हलक्या प्लास्टिक फोमच्या पाटीचे तुकडे मिळतात. २५ × ३५ सेंटीमीटरचे दोन घ्या : एकावर काम करायचं, दुसरा येताना झाकण म्हणून वर ठेवायचा.

पाणी दोन प्रकारचं. चित्राला अर्धा लिटर आणि झाकणाच्या दोन बरण्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याची. प्यायला वेगळं, उन्हाळ्यात किमान २ लिटर. दोन्ही बाटल्या सारख्या दिसणाऱ्या घेऊ नका. चित्रात डोकं गुंतलं की हात कुठल्याही बाटलीकडे जातो. बोअरचं जड पाणी चित्राला टाळा. त्यातल्या क्षारांमुळे अल्ट्रामरीनसारखे रंग गोळा होऊन ठिपके-ठिपके दिसतात. गढूळ झालेलं पाणी तलावात, विहिरीत, पाटात ओतायचं नाही. काही रंगांत विषारी धातू असतात. झाकण लावून घरी आणा.

याशिवाय २बी पेन्सिल, रबर, मास्किंग टेप, चार क्लिपा, जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा फडका. टिश्यूपेक्षा फडका बरा, वाऱ्यानं उडत नाही.

कधी निघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, ऊन तिरपं आणि सोनेरी असतं, सावल्या लांब पडतात, वॉश वाळायला पाच-सात मिनिटं घेतो. साडेसहाला निघालात तर दहापर्यंत दोन चित्रं आरामात होतात. नवशिक्यानं याच महिन्यांत सुरुवात करावी. मार्चपासून पहाटे साडेपाच-पावणेसहाला निघा आणि नऊच्या आत घरी या. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ वर जातो तेव्हा दुपारी सायकलवर बाहेर असण्याचं कारणच नाही. बाटलीत घरगुती जलसंजीवनी ठेवा : १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घाम येणं थांबलं, डोकं ठणकायला लागलं की चित्र तसंच सोडून सावलीत आडवं व्हा आणि सोबत्याला हाक मारा. सुरुवातीला एकट्यानं लांब जाऊच नये.

सावली कशी निवडायची

सगळ्या सावल्या सारख्या नसतात. चिंचेखाली गारवा छान, पण तिची बारीक पानं सतत ओल्या वॉशवर पडतात आणि काढायला जावं तर डाग पडतो. निंब वर्षभर चांगला, फक्त पानगळीत आणि मोहोर झडतो त्या दिवसांत नको. वडाची सावली सर्वात गार. फळं पिकली असतील तर वर पाखरांची जत्रा असते, तेव्हा बोर्ड फांदीखालून बाजूला घ्या. बाभळीची सावली विरळ, त्यातून उन्हाचे कवडसे कागदावर नाचतात आणि रंगाचा अंदाज साफ चुकतो. झाडापेक्षाही भरवशाची सावली भिंतीची.

सावली सरकते, हे बसल्यावर लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून सावली पश्चिमेला. दुपारकडे ती उत्तरेला वळते आणि आखूड होत जाते. म्हणून सकाळी खोडाजवळ, सावलीच्या उत्तर अंगाला बसा. सावली तुमच्याकडे येत राहील. पश्चिमेच्या टोकाला बसलात तर वीस मिनिटांत पाठ उन्हात. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, भिंतीच्या उत्तरेला जवळपास भिंतीच्या उंचीएवढी सावली मिळते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि तीच सावली भिंतीच्या पायाशी गोळा होते.

कागदावर थेट ऊन पडलं की आणखी एक घोटाळा होतो. पांढरा कागद इतका चमकतो की लावलेला प्रत्येक रंग फिका वाटतो, आपण गडद करत जातो, आणि घरी भिंतीशी ठेवल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली बसू नका. तिच्यातून येणारा उजेड निळा असतो, डोळा त्याला सरावतो, आपण नकळत पिवळा वाढवतो, आणि बाहेर आल्यावर चित्र कावीळ झाल्यासारखं दिसतं. भडक लाल शर्टाचीही झाक कागदावर पडते. पांढरा किंवा राखाडी सदरा घाला. गॉगल सायकल चालवताना लावा, चित्र काढताना उतरवा.

पहिलं चित्र : मेहरुण तलाव, पन्नास मिनिटं

जळगावकरांनी सुरुवात मेहरुण तलावावर करावी. आभाळ, पलीकडची झाडांची रांग, पाणी आणि अलीकडचा काठ असे चारच आडवे पट्टे आहेत, आणि जलरंग शिकायला चार पट्टे भरपूर झाले. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर बसू नका, थोडं बाजूला व्हा.

आधी पाच मिनिटं वहीत ५ × ७ सेंटीमीटरचं छोटं चित्र फक्त पेन्सिलनं करा. त्यात तीनच टोन : कोरा कागद, मधला राखाडी, गडद. डोळे बारीक करून बघितलं की बारीकसारीक तपशील गळतो आणि हे तीन टोन वेगळे दिसतात. हे पाऊल गाळणाऱ्यांची चित्रं पुढे मधल्याच टोनमध्ये अडकतात. चाळीसगावला जाणं झालं तर रेल्वे स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघा. उजेड आणि अंधार यांच्या मांडणीवर अख्खं चित्र कसं उभं राहतं, ते त्यांच्या टेबल-टॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या छायाचित्रांत दिसतं.

मग कागद बोर्डवर चारही बाजूंनी टेपनं लावा. क्षितिजाची रेघ मधोमध नको. खालून एक तृतीयांशावर घ्या. झाडांची बाह्यरेषा हलक्या हातानं, एवढीच पेन्सिल.

बोर्डच्या वरच्या कडेखाली पाण्याची छोटी बाटली आडवी ठेवा, म्हणजे पुरेसा उतार मिळेल. आता वॉश कालवायचा, आणि नवखे सगळे इथंच कंजूषपणा करतात. आभाळाला दोन चहाचे चमचे भरेल एवढा रंग आधीच कालवून ठेवा, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. अर्ध्यात संपला तर पुन्हा कालवेपर्यंत कड वाळते. वर सेरुलियन, त्यात चिमूटभर अल्ट्रामरीन. क्षितिजाजवळ अगदी पातळ यलो ऑकर, तो वेगळा कालवा.

चपटा ब्रश पूर्ण भरून घ्या आणि डावीकडून उजवीकडे एक आडवा फटकारा मारा. खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची फुगीर लड जमा होते. पुढचा फटकारा त्या लडीला स्पर्श करून मारायचा, म्हणजे ती खाली सरकते. लड जिवंत असेपर्यंत वॉश सलग राहतो. लड मेली की रेघ. क्षितिजाशी पोचल्यावर ब्रश फडक्यावर टेकवून कोरडा करा आणि उरलेली लड शोषून घ्या. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. वर कुठं पांढरं राहिलं असेल तर तो ढग समजा.

कागद अर्धवट ओला असताना जास्त ओल्या ब्रशनं हात लावला तर पाणी रंगाला ढकलत जातं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. वाळलं की नाही ते बोटानं तपासू नका, बोटाचं तेल लागतं. तळहाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागलं की आत ओल आहे.

आभाळ वाळलं की पलीकडची झाडं एकाच मधल्या टोनमध्ये लावा : अल्ट्रामरीन, थोडा बर्न्ट सिएना, थोडा ऑकर. प्रत्येक झाड वेगळं करू नका, सगळ्यांचा मिळून एक आकार. त्याचा खालचा काठ ओला असतानाच तोच रंग थोडं पाणी घालून तलावाच्या पट्ट्यात खाली ओढा, हे प्रतिबिंब. मधे एक बारीक पांढरी फट सोडा, तिथं पाणी चमकतं. शेवटी ४ नंबरच्या ब्रशनं चार-पाच गडद फटकारे : अलीकडचा दगड, एखादी फांदी, काठाची सावली. इथं रंग सायीसारखा घट्ट हवा. पातळ गडद वाळल्यावर फिका पडतो. जलरंग वाळताना उतरतो हे धरूनच लावायचा.

टेप काढायची घाई करू नका. गरमीत तिचा गोंद मऊ होऊन कागदाला धरतो. कागद पूर्ण वाळल्यावर, सावलीत, टेप बाहेरच्या बाजूला तिरपी ठेवून सावकाश ओढा.

वॉश फार लवकर वाळत असेल तर

कागद दोन्ही बाजूंनी भिजवा. आधी मागची बाजू पूर्ण ओली करा, उलटा करून सनबोर्डावर चिकटवा, मग वरची बाजू भिजवा. टेपची गरज नाही, पाण्यानंच तो गुळगुळीत बोर्डाला धरून बसतो आणि सावलीत दहा-पंधरा मिनिटं ओला राहतो. कडा उचलल्या गेल्या की मागे पाणी कमी पडलं असं समजा.

औषधांच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन १०० मिलिलिटर पाण्यात दोन-तीन थेंब टाकलं तर वाळणं थोडं लांबतं. जास्त घातलं तर चित्र दिवसभर चिकट राहतं आणि धूळ ओढून घेतं. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद पांढरा राखायला लावायचा रबरी द्रव, उन्हाळ्यात बाहेर वापरूच नका. उष्णतेनं ते कागदात मुरतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. कपाशीची बोंडं पांढरी ठेवायची तर त्यांच्या भोवतीनं रंगवा.

पावसाळ्यात तक्रार उलटी होते : अर्धा तास झाला तरी कागद ओलाच. तेव्हा एका थरात होणारी चित्रं करा, थरावर थर चढवत बसू नका.

इथले रंग

काळी माती काळी नसते. वाळलेलं वावर राखाडी-तपकिरी असतं : दोन भाग बर्न्ट सिएना, एक भाग अल्ट्रामरीन, भरपूर पाणी. पहिल्या पावसानंतर तेच दोन रंग समसमान आणि पाणी कमी. ट्यूबमधला काळा लावला तर मातीत उजेडच उरत नाही, डांबर सांडल्यासारखं दिसतं. मे महिन्यातल्या भेगा गोल ब्रशच्या टोकानं, पण अलीकडच्या हातभर पट्ट्यातच दाखवा; लांबच्या भेगा डोळ्याला दिसत नाहीत.

केळीचा मळा हा इथला सर्वात मोहक आणि सर्वात फसवा विषय. नवखा एकच हिरवा घेऊन सगळी पानं रंगवतो. पानाजवळ जाऊन बघा. ज्या पानातून ऊन आरपार येतं ते पिवळसर, जवळजवळ पेटलेलं : लेमन यलो आणि थॅलो ब्ल्यूचा कण. ज्याच्या गुळगुळीत पाठीवर आभाळ पडतं ते हिरवं दिसतच नाही, पांढरट निळं दिसतं : पातळ सेरुलियन. सावलीतलं पान अल्ट्रामरीन आणि ऑकरचं. वाऱ्यानं चिरलेल्या कडांना बर्न्ट सिएना. ब्रश पानाच्या मधल्या दांड्यापासून कडेकडे ओढा आणि फटकाऱ्यांमध्ये पांढऱ्या फटी सोडा. पानाच्या चिरा आपोआप होतात. मळ्यात शिरायच्या आधी मालकाला विचारा आणि जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत.

यावल-फैजपूर-रावेरकडून दिसणारा सातपुडा पातळ अल्ट्रामरीनमध्ये किंचित क्रिमसन घालून, एका फटकाऱ्यात. त्याच्यावर झाडं काढू नका. फेब्रुवारी-मार्चच्या पळसाला व्हर्मिलियनमध्ये थोडा लेमन यलो. शेजारचा हिरवा पूर्ण वाळल्याशिवाय लावलात तर दोन्ही मिसळून फुलं तपकिरी होतात.

कुठं जायचं

जळगावात मेहरुण जमलं की जुन्या गावातले बोळ घ्या, तिथं सावली सकाळभर मिळते. मग बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं आसोदा. वाटेत वावरं, गोठे, बांधावरचे निंब. गिरणेच्या काठी वाळू आणि थंडीतली डबकी सुरेख दिसतात, पण पात्राच्या मधोमध बसू नका. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी वाढतं. बांभोरीच्या पुलाकडे जाणारा महामार्ग ट्रकांचा आहे, अंधारात तिकडं सायकल घालू नका.

धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्या सरळ आखलेल्या आहेत, परस्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान होत गेलेलं दाखवणं, शिकायला याहून सोपी जागा नाही. गल्लीच्या कडेला बसा, डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेघ घ्या, तिच्यावर गल्ली जिथं संपते तिथं एक ठिपका ठेवा. छपरं आणि ओटे दोन्ही त्या ठिपक्याकडे धावतात. जमिनीवर बसलात तर रेघ खाली येते आणि घरं उंच दिसतात. पांझरेच्या काठी संध्याकाळी जा. लळिंगचा किल्ला सुमारे १० किलोमीटरवर आहे, पण रस्ता महामार्गाचा, म्हणून दोघं-तिघं मिळून, उजाडल्यावरच.

अमळनेरला बोरी नदीचा काठ. भुसावळला रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय बैठक मांडू नका, बाहेरच्या रस्त्यावरून काढा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास वही उघडूच नका.

माणसं

बोळात चित्र काढताना कुणाच्या तरी ओट्यावर बसणं आलंच. आधी विचारा : ‘‘नाना, जरा ओट्यावर बसून समोरचा वाडा काढू का? तासाभरात उठतो.’’ नकार क्वचित येतो, उलट पाण्याचा तांब्या येतो. थोड्या वेळात मागून कुणीतरी म्हणतंच, ‘‘काय करून राहिले भो?’’ ब्रश न थांबवता उत्तर द्या. वॉश चालू असताना मागं वळलात तर लड मेली. पोरं जमली आणि उजेड अडला तर वहीचं एक पान आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या, ती शेजारी बसून तेच घर काढायला लागतात. माणसाचा चेहरा ओळखू येईल असं काढायचं असेल तर त्याला सांगून काढा. उठताना पाणी, टेपचे तुकडे, फडका, सगळं उचला. ओट्यावर रंगाचा थेंब पडला असेल तर लगेच ओल्या फडक्यानं पुसा. शहाबादी फरशीत तो मुरला की त्या ओट्यावर पुन्हा बसायला मिळणार नाही.

घरी आल्यावर

चित्र दोन सनबोर्डांमध्ये क्लिपांनी बंद करून आणलेलं असेल. ते काढून भिंतीशी उभं करा आणि चार पावलं मागं जाऊन बघा. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख, वेळ, जागा, ऊन होतं की ढग, आणि वॉशला किती वेळ मिळाला ते लिहा. दहा चित्रांनंतर या नोंदींवरून तुमच्या भागाचं वाळण्याचं वेळापत्रकच तयार होतं.

ब्रश साबणानं धुवा, टोक ओठांनी नव्हे, बोटांनी जुळवा आणि आडवे वाळवा. उभे ठेवले तर पाणी धातूच्या टोपणात उतरून गोंद सुटतो. पेटी बाहेर बंद करण्याआधी कडेचा रंग पुसलेला असेलच. घरी ती रात्रभर उघडी ठेवा आणि वड्या कोरड्या झाल्यावरच झाका. पावसाळ्यात ओली पेटी बंद राहिली की आठवड्याभरात वड्यांवर बुरशी धरते. वरचा थर ओल्या फडक्यानं खरवडून पुसा, एक दिवस कोरडी होऊ द्या, तरी वास राहिला तर तेवढा खण टाकून नवा भरा.